फ्लॅशला कुठले सेल घालायचे : रिचार्जेबल की वापरून फेकायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत

तुळशीचं लग्न झालं, तिथ्या सुरू झाल्या की मला दर वर्षी तोच फोन येतो. फ्लॅश नवा आहे, कॅमेरा बरा आहे, पण ऐन वेळी बत्ती पेटत नाही. सेल कुठले घातलेस विचारलं की उत्तर ठरलेलं, "अहो नवीनच घातलेत, आत्ताच दुकानातून आणले." म्हणजे चूक तिथेच झालेली असते. दुकानातून आत्ताच आणलेला सेल फ्लॅशसाठी चांगला असेलच असं नाही, आणि चांगले रिचार्जेबल घेतले तरी ते ज्या क्रमाने चार्ज करायचे, नंबर घालायचे, बदलायचे तो क्रम चुकला तर तेही दगा देतात.

मी स्वतः हे शिकलो ते कुडाळच्या बाजूच्या एका लग्नात. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, नवरीने हार उचलला आणि माझ्या फ्लॅशचा रेडी लाइट, म्हणजे फ्लॅश परत भरला हे सांगणारा छोटा दिवा, काही लागेना. बाजूला उभी असलेली म्हातारी विचारते, "काय रे, बत्ती पेटणा नाय?" मी मनातल्या मनात मोजत होतो, अकरा सेकंद गेले. तोवर हार गळ्यात पडून अक्षता उडून झाल्या होत्या. नंतर परत हार घालायला लावून फोटो काढला, पण पहिल्या वेळी ती जशी हसली होती तशी दुसऱ्यांदा हसली नाही, आणि ते हसू त्या घरच्या अल्बममधे नाहीये. सेल त्या सकाळीच नवे फोडले होते.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण पुढच्या पायरीचा निर्णय मागच्या पायरीवर उभा आहे.

१. आधी फ्लॅश बघा, मग सेल

पहिलं काम म्हणजे झाकण उघडून बघायचं. आत चार एए सेल जातात, म्हणजे ज्याला आपण पेन्सिल सेल म्हणतो ते, की कंपनीचा स्वतःचा लिथियम आयन पॅक आहे. गोडॉक्सच्या व्ही८६० किंवा व्ही१ सारख्या फ्लॅशमधे पॅक असतो, एका चार्जवर व्ही१ चे फुल पॉवरचे साधारण ४८० फ्लॅश असा कंपनीचा आकडा आहे. तुमचा फ्लॅश असा असेल तर खालची सेलनिवड तुम्हाला लागू नाही, फक्त पायरी ७ पासून पुढचं वाचा आणि एक जास्तीचा पॅक घेऊन ठेवा, कारण ऐन मंडपात पॅक संपला तर गावातल्या कुठल्याच दुकानात तो मिळणार नाही.

चार एएवाला फ्लॅश असेल तर मॅन्युअलमधलं बॅटरीचं पान वाचाच. वाचायचं काय तर निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे एनआयएमएच, चालतात का (आताच्या जवळजवळ सगळ्या फ्लॅशला चालतात), आणि एए लिथियम चालतात का. कॅननच्या काही फ्लॅशच्या मॅन्युअलमधे लिथियम एए वापरू नका, क्वचित फार तापतात, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे पान न वाचता महागडे लिथियम आणणारे बरेच बघितलेत.

सावध : एएच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा असतो. टॉर्चसाठी लोक आणतात. दिसायला तसाच, खाचेत बसतो पण तसाच. चार घातले की सहा व्होल्टच्या जागी पंधरा व्होल्ट जातात आणि फ्लॅश जळतो. सेलवर ३.७ दिसलं की तो फ्लॅशच्या बॅगेत नकोच.

२. तुम्हाला किती फ्लॅश लागतात ते मोजा

इथे बहुतेक जण अंदाजाने जातात. गोडॉक्स टीटी६०० साठी कंपनी २५०० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमधे किती चार्ज मावतो त्याचं माप) सेलवर फुल पॉवरचे साधारण २३० फ्लॅश सांगते. म्हणजे २००० एमएएचचे सेल असतील तर १८० च्या आसपास धरा. पॉवर पाव केली की आकडा साधारण चौपट होतो, म्हणून एसी हॉलमधे पांढऱ्या छतावर बाउन्स करून, म्हणजे फ्लॅश छतावर मारून परत आलेल्या उजेडात, काम करणाऱ्या माणसाला एक सेट अर्धा दिवस पुरतो.

आपल्याकडे कोकणात ते गणित मोडतं. कौलारू घरातला गणपती घ्या, वर छत नाहीच, काळपट वासे आणि कौलं, वर मारलेला सगळा लाइट ती खाऊन टाकतात. अंगणातला मंडप घ्या, वर लाल-पिवळं कापड, बाउन्स केलं तर माणसं लाल-पिवळी होतात, म्हणून फ्लॅश सरळ नाहीतर फोटोच्या पांढऱ्या छत्रीतून मारावा लागतो. शिमग्याची पालखी रात्री उघड्यावर नाचते, तिथे बाउन्सला आहे काय, आभाळ. म्हणजे शहरातला फोटोग्राफर पाव पॉवरवर जे काम करतो ते आपण अर्ध्या नाहीतर पूर्ण पॉवरवर करतो. त्यामुळे मुंबईच्या कुणी सांगितलं की दोन सेट पुरतात तर त्यात एक मिळवा.

माझा हिशोब असा : एका फ्लॅशला तीन सेट, म्हणजे बारा सेल. एक फ्लॅशमधे, एक खिशात, एक बॅगेत. वर न फोडलेलं एक पाकीट वापरून फेकायच्या सेलचं. वर्षातून चार-पाच वेळा घरच्या कार्यक्रमाला फ्लॅश काढणाऱ्याला दोन सेट भरपूर झाले.

३. कुठला सेल कशाला

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लोक म्हणतात, साधा सेल १.५ व्होल्ट आणि रिचार्जेबल १.२ व्होल्ट, मग रिचार्जेबल कमजोर नाही का. घड्याळात घालायचा असता तर व्होल्टचा विचार केला असता. फ्लॅश मारून झाला की आतला वीज साठवणारा कपॅसिटर परत तीनशे व्होल्टच्या आसपास भरायचा असतो आणि त्यासाठी फ्लॅश सेलमधून एकदम कित्येक अँपिअर करंट ओढतो. तेव्हा प्रश्न हा की एवढा करंट ओढल्यावर सेल किती व्होल्ट टिकवतो.

अल्कलाइन सेलचा आतला रेझिस्टन्स साधारण ०.२ ओहम धरा, वापरल्यावर तो आणखी वाढतो. ३ अँपिअर ओढले की ०.६ व्होल्ट आतच जातात, हातात उरतात ०.९. चांगल्या एनआयएमएच सेलचा रेझिस्टन्स ०.०३ च्या आसपास, त्याचे जेमतेम ०.१ व्होल्ट पडतात, उरतात १.१. म्हणजे ज्याच्यावर १.२ लिहिलंय तोच कामाच्या वेळी जास्त देतो. अल्कलाइन ही खोल विहीर आहे, पाणी भरपूर, पण काढायला एकच कळशी. एनआयएमएच म्हणजे तेवढी मोठी नसलेली टाकी, पण नळ दोन इंची.

माझ्या फ्लॅशवर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघितलं तेव्हा नवे अल्कलाइन घालून फुल पॉवरला पहिल्यांदा पाच-सहा सेकंद लागले आणि चाळीसेक फ्लॅशनंतर दहाच्या वर गेले. एनआयएमएच पहिल्यापासून अडीच-तीन सेकंदावर होते आणि जवळजवळ संपेपर्यंत तिथेच राहिले. अल्कलाइन तेव्हा संपलेले नव्हते बरं का, तेच चार सेल नंतर घरच्या घड्याळात आणि रिमोटमधे कित्येक महिने चालले.

आता एकेक प्रकार.

लाल-निळ्या रंगाचे साधे कार्बन झिंकचे सेल, ज्यावर हेवी ड्यूटी लिहिलेलं असतं आणि जे गावच्या किराणा दुकानात बरणीच्या बाजूला टांगलेले असतात, ते फ्लॅशला अजिबात नकोत. हेवी ड्यूटी हा शब्द वाचून फसू नका, ते घड्याळाचे सेल आहेत.

अल्कलाइन : अडीअडचणीला. बंद पाकिटात वर्षानुवर्षं टिकतात, तालुक्याच्या गावी कुठेही मिळतात. पण फ्लॅशमधे घालून विसरलात तर गळतात, आणि कोकणात विसरणं म्हणजे पावसाळाभर विसरणं.

लिथियम एए, चार्ज न होणारे : वजनाने अल्कलाइनपेक्षा पुष्कळ हलके, एक साधारण १५ ग्रॅमचा, टिकतात पण खूप. मॅन्युअल परवानगी देत असेल तर बॅगेतलं राखीव पाकीट म्हणून सगळ्यात उत्तम. पण सलग जोरात फ्लॅश मारले की तापतात आणि आतली सुरक्षा करंट कमी करते, म्हणून रोजच्या कामाला नाहीत.

लो सेल्फ डिस्चार्ज एनआयएमएच : हेच तुमचे मुख्य सेल. २००५ साली सान्योने एनलूप आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला, आता एनलूप पॅनासोनिकच्या नावाने मिळतात आणि इतर कंपन्यांचेही चांगले आहेत. जुन्या पद्धतीचे एनआयएमएच चार्ज करून ठेवले की महिन्याभरात बराच चार्ज आपोआप उडून जातो, उकाड्यात तर जास्तच. हे मात्र वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज शिल्लक असतो. पाकिटावर प्री-चार्ज्ड किंवा रेडी टू यूज लिहिलेलं बघा.

यातही २००० चे घ्यायचे की २५०० चे? मोठा आकडा बघून सगळे २५०० कडे धावतात. कंपनीच्याच कागदावर पांढरे २००० वाले एनलूप २१०० वेळा चार्ज होतात आणि काळे २५०० वाले ५०० वेळा. ते आकडे प्रयोगशाळेतले आहेत, आपल्या हातात तेवढे मिळणार नाहीत, पण दोघांतला फरक खरा आहे. माझं मत २००० वाले जास्त सेट घ्या. सीझनभर दिवसाआड काम असेल आणि सेल बदलायला दोन मिनिटंही मिळत नसतील तरच २५००.

युएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए सध्या खूप विकले जातात. त्यांच्या आत व्होल्टेज कमी करणारं सर्किट असतं आणि बहुतेकांचं सर्किट २ अँपिअरच्या आसपास हात वर करतं. फ्लॅश त्याच्या वर ओढायला गेला की सेल सरळ बंद, फ्लॅश मधेच मरतो. माउसला, खेळण्याला मस्त आहेत, फ्लॅशला घेऊ नका. आणि १.६ व्होल्ट लिहिलेले निकेल झिंक मिळाले तर तेही नको, भरलेला एक सेल १.८ च्या वर जातो आणि चार मिळून फ्लॅशला अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतं. रिसायकल, म्हणजे पुढच्या फ्लॅशसाठी परत भरणं, भन्नाट होतं म्हणून लोक घालतात आणि मग फ्लॅश तापून बसतो.

४. विकत घेताना

पहिली तपासणी आकड्याची. एए मापाच्या एनआयएमएचमधे २५००, फार तर २८०० एमएएचच्या वर काही बसत नाही. ३५००, ४५०० लिहिलेला सेल दिसला की खोटा, तिथे घासाघीससुद्धा करू नका.

दुसरी वजनाची. खरा २००० वाला सेल साधारण २६-२७ ग्रॅम भरतो. सोनाराकडचा काटा नाहीतर घरातला बेकिंगचा छोटा काटा चालेल. १८-२० ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. चारही सेलची वजनं एकमेकांच्या जवळ असली पाहिजेत, एखादा वेगळाच निघाला तर परत करा.

तिसरी तारखेची. रिचार्जेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष बारीक छापलेला असतो, एकाच तारखेचे चार मिळतील असं बघा. अल्कलाइनच्या पाकिटावर शेवटची तारीख असते, ती निदान तीन-चार वर्षं पुढची हवी, आणि टोपीपाशी पांढरी पूड दिसतेय का बघा.

किमतीचं म्हणाल तर दुकानातच भागाकार करा. चार रिचार्जेबल अधिक चार्जर यांचा भाव भागिले चार अल्कलाइनचा भाव. जे उत्तर येईल तितके कार्यक्रम झाले की रिचार्जेबल फुकटात पडायला लागले. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा हा आकडा एका सीझनच्या आतच वसूल होतो.

५. चार्जर, जिथे पैसे वाचवायचे नाहीत

सेल चांगले घेऊन चार्जर शंभर-दोनशेचा घेणारे खूप आहेत आणि मग सेल लवकर मेले म्हणतात. चार्जर असा हवा की प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो आणि भरला की स्वतः थांबतो. दोन-दोनच्या जोडीने चार्ज करणारा घेऊ नका, जोडीतला एक आधी भरतो आणि दुसऱ्यासाठी उगाच शिजत राहतो. ओळखायचं कसं, तर प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असतो आणि एकच सेल घातला तरी तो चार्ज होतो.

टायमरवाला चार्जर कोकणात तर नकोच नको, त्याचं कारण ऐका. तो सात-आठ तास मोजतो आणि थांबतो, सेल भरलाय की नाही ते त्याला कळत नाही. आपल्याकडे लाईट जाते, येते, परत जाते. लाईट आली की टायमर शून्यापासून सुरू, म्हणजे आधीच भरलेला सेल परत सात तास भाजून निघतो. आषाढात एका रात्रीत असं तीनदा होऊ शकतं. स्मार्ट चार्जर मात्र भरलेला सेल थोड्या वेळात ओळखतो आणि थांबतो.

करंट निवडता येत असेल तर २००० च्या सेलला ५०० ते १००० मिलीअँपिअर. फार कमी, म्हणजे २०० वर ठेवला तर सेलला बरं अशी समजूत आहे, पण तेवढ्या कमी करंटला सेल भरल्याची खूण इतकी पुसट येते की चार्जरकडून ती चुकते.

तपासा : ५०० वर २००० चा सेल भरायला साडेचार-पाच तास लागतात. चार खाचांचा चार्जर आणि बारा सेल म्हणजे तीन फेऱ्या, पंधरा तास. हे गणित डोक्यात ठेवा, पायरी ७ ला लागेल.

सावध : अल्कलाइन, कार्बन झिंक किंवा चार्ज न होणारा लिथियम चार्जरमधे कधीच घालू नका. गळतात, फुटतात. घरात मुलं असतील तर चार्जरपाशी फेकायचे सेल ठेवूच नका.

६. नंबर घाला, सेट बांधा

नवे सेल आणले की पहिल्यांदा चार्जरमधून एकदा पूर्ण काढा, पाकिटावर काही लिहिलेलं असो. मग पक्क्या मार्करने प्रत्येकावर लिहा, क१ क२ क३ क४, ख१ ख२ असं, आणि खाली महिना-वर्ष. क चे चार कायम एकत्र राहतील. फ्लॅशमधे एकत्र, चार्जरमधे एकत्र, डबीत एकत्र. कोण हसलं तर हसू दे, पण हे करा.

कारण असं की फ्लॅशमधे चारही सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एक दमलेला असेल तर तो आधी संपतो आणि बाकीचे तीन त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, त्याचे प्लस-मायनस आतल्या आत उलटे होतात आणि तो कायमचा खराब होतो. म्हणजे नवीन तीन आणि जुना एक असं घातलं की जुना मरतोच आणि तुम्हाला वाटतं फ्लॅशच बिघडला. चार्ज केलेले आणि न केलेले मिसळणं, दोन कंपन्यांचे मिसळणं, रिचार्जेबलमधे एक अल्कलाइन घालून वेळ मारून नेणं, सगळी तीच चूक. सेट आहे तर सेटच बदला.

चार सेलच्या प्लॅस्टिकच्या डब्या मिळतात, त्या घ्या. सुटे सेल खिशात किल्ल्या आणि चिल्लर यांच्याबरोबर टाकले तर शॉर्ट होऊन पँट जळेल इतके तापतात. डबीत भरलेले सेल टोपी वर, वापरलेले टोपी खाली असं ठेवायची सवय लावा, अंधारात बोट लावूनसुद्धा कळतं.

७. आदल्या दिवशीचा क्रम

चार्जिंग आदल्या दिवशी सकाळी लावा, रात्री नव्हे. वर पंधरा तासांचं गणित केलंय आणि त्यात लाईट जायची सोय धरलेली नाही. रात्री दहाला लावून पहाटे पाचला निघायचं असेल तर एक सेट भरेल, दुसरा अर्धवट, तिसऱ्याला हातच लागणार नाही.

पावसात तारांवर झाड पडलं की वायरमन येईपर्यंत दीड दिवससुद्धा जातो, त्यासाठी युएसबीवर चालणारा चार्जर ठेवा. १०००० एमएएचच्या पॉवर बँकेवर चार-चारचे साधारण दोन सेट भरतात. गाडीतल्या सॉकेटवरही चालतं, फक्त गाडी उन्हात उभी करून काचा बंद करून नाही.

भरलेले सेल चार्जरमधून काढले की गरम असतात, अर्धा तास गार होऊ द्या. मग मल्टिमीटर असेल तर मोजा. ताजा सेल १.४ च्या वर दाखवतो, काही तासांनी १.३५ च्या आसपास येतो. सेटमधला एखादाच बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने खाली असेल तर त्या सेटवर लक्ष ठेवा. पण नुसत्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका, दमलेला सेलसुद्धा कामाशिवाय छान आकडा दाखवतो. खरी परीक्षा पुढची.

फ्लॅश बंद असताना सेल घाला, झाकणातल्या खुणा बघून. मॅन्युअल मोड, फुल पॉवर, दहा फ्लॅश मारा आणि पहिल्या व दहाव्याला रेडी लाइट किती सेकंदांनी लागतो ते मोजा. आकडा वहीत लिहा, सेटच्या नावासकट. दोन सेटमधे सेकंदापेक्षा जास्त फरक आला तर हळू असलेला सेट तिसऱ्या नंबरला, बॅगेत.

फ्लॅश दोन-तीन महिने पडून असेल तर हे दहा फ्लॅश आधी कमी पॉवरपासून सुरू करा, पडून राहिलेल्या कपॅसिटरला परत भरायची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

८. चालू कामात

सेल संपेपर्यंत थांबायचं नाही. रेडी लाइटला नेहमीच्या दुप्पट वेळ लागायला लागला की बदला. पूर्ण पिळून काढलेला सेट म्हणजे पायरी ६ मधला उलटा झालेला सेल.

बदलायची वेळ तुम्ही ठरवा, सेलवर सोपवू नका. लग्नात मी तीन ठिकाणी बदलतो, काहीही झालं तरी : मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी, जेवणाच्या पंगती बसल्या की, आणि रिसेप्शनच्या आधी. गणपतीला आरतीच्या आधी. जत्रेत पालखी देवळातून बाहेर पडायच्या आधी. अर्धा चार्ज शिल्लक असलेला सेट काढला तरी चालतं, एनआयएमएचला अर्धवट वापरून चार्ज केल्याने काही होत नाही.

सलग फुल पॉवर मारत सुटू नका. किती फ्लॅशनंतर विश्रांती द्यायची ते मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं, साधारण वीस-तीस असतात आणि मग दहाएक मिनिटं. जलद रिसायकल होणाऱ्या सेलवर हे आणखी जपायला हवं, कारण अल्कलाइन स्वतःच हळू असल्यामुळे फ्लॅशला आपोआप विसावा मिळतो, एनआयएमएच तो देत नाहीत. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, एक पायरी वाढवा आणि फ्लॅशची पॉवर अर्धी करा. सेल दुप्पट पुरतात, फ्लॅश गार राहतो, फोटोतला मंडपाचा मागचा भागसुद्धा उजळतो.

दशावतारात ही गोष्ट आणखी एका कारणाने सांगतो. रात्रभर नाटक चालतं, समोरून फुल पॉवर मारली की पात्राच्या डोळ्यापुढे अंधारी येते आणि तो तलवारीचं युद्ध करत असतो. तिथे सेल कितीही चांगले असोत, पॉवर खालीच ठेवा.

सावध : तापलेल्या फ्लॅशमधून सेल काढताना हाताला चटका बसतो. झाकण उघडून मिनिटभर थांबा. आणि फ्लॅश बंद पडला म्हणून स्क्रू काढून आत बघू नका, सेल काढल्यावरही कपॅसिटरमधे जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असतं.

९. घरी आल्यावर

कितीही दमला असाल तरी सेल फ्लॅशमधून बाहेर. सकाळी चार्ज. बस एवढंच, पण हेच सगळ्यात जास्त चुकतं.

१०. खारा वारा आणि चार महिने पाऊस

मालवण, वेंगुर्ला, गुहागर, जिथे किनारा जवळ आहे तिथे चांगले सेल असूनही फ्लॅश हळू होतो आणि दोष सेलचा नसतो. फ्लॅशच्या आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर आणि सेलच्या टोपीवर काळपट-हिरवट थर बसतो, तो थर म्हणजे जास्तीचा रेझिस्टन्स, म्हणजे एनआयएमएचचा सगळा फायदा त्या थरात गेला. मागे एका मित्राचा फ्लॅश दुरुस्तीला पाठवायचा ठरला होता, झाकण उघडून टॉर्च मारला तर स्प्रिंगच्या टोकावर नखाएवढा हिरवा डाग. शाळेतल्या खोडरबराने घासला, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसला, वाळू दिलं, सेल तेच घातले. आठ सेकंदांवरून तीनवर आला.

महिन्यातून एकदा एवढं करा : सेलची दोन्ही टोकं कोरड्या खरखरीत कापडाने पुसा, फ्लॅशमधल्या पट्ट्या खोडरबराने, रबराचा भुगा झटकून टाका. सॅन्डपेपर नको, वरचा मुलामा निघून गेला की गंज दुप्पट वेगाने येतो.

अल्कलाइन गळून पांढरी पूड झाली असेल तर ती अल्कलीची असते. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, फेस थांबला की अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हाताला, डोळ्याला लागू देऊ नका.

पावसाळ्यात फ्लॅश आणि सेल हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर. रंग बदलणारं सिलिका घ्या म्हणजे ओलं झालेलं कळतं, मग कढईत मंद आचेवर फिरवून परत वापरा. तांदूळ घालू नका, तो फारसं पाणी ओढत नाही आणि त्याची पूड स्प्रिंगमधे बसते. सेल फ्रिजमधे ठेवायची टीप फिरत असते, आपल्या भिजट हवेत फ्रिजमधून काढलेल्या सेलला लगेच घाम फुटतो, तेव्हा नको. कपाटातला गार कोपरा पुरे. तीन-चार महिन्यांनी, म्हणजे गणपतीच्या आधी आठवडाभर, सगळे सेट एकदा चार्ज करून पायरी ७ ची परीक्षा घ्या.

११. म्हातारे झालेले सेल

वहीतला आकडा बघा. सेट नवा असताना तीन सेकंद होता आणि आता भरलेला असून पाच लागतात, किंवा चार्जर त्यातला एक सेल सारखा नाकारतो, तर तो सेट फ्लॅशमधून निवृत्त. पण फेकू नका. फ्लॅशच्या रेडिओ ट्रिगरला, म्हणजे लांबचा फ्लॅश बिनतारी पेटवणाऱ्या डबीला, करंट अगदी थोडा लागतो, तिथे आणखी बरीच वर्षं चालतात. काही स्वस्त ट्रिगर १.२ व्होल्ट बघून बॅटरी लो दाखवतात, तेवढं आधी घरी तपासा. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, मुलांची खेळणी, सगळीकडे हे सेल जाऊ शकतात, आणि तिथल्या गळणाऱ्या सेलची कटकटही जाते. सेट मोडताना नंबरावर काट मारा म्हणजे चुकून परत बॅगेत येणार नाही.

जे खरंच मेले ते कचऱ्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सेल घरच्या बाकी कचऱ्यापासून वेगळे द्यायचे असतात आणि ते गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. आपल्या वाडीत ते न्यायला कोणी येत नाही हे मलाही माहीत आहे, पण म्हणून ते परसात पालापाचोळा जाळताना त्यात टाकू नका, बंद सेल आगीत फुटतो, आणि खाडीत तर मुळीच नको. झाकणाच्या बरणीत जमवा, लिथियमच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, आणि रत्नागिरी नाहीतर कोल्हापूरला सामान आणायला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या दुकानात बरणी रिकामी करून या. माझी बरणी भरायला दोन वर्षं लागतात.